मध्यरेषेची मोजणी

चाळीसगावपासून जवळच, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे जे गाव आहे, तेथील भवानीच्या देवालयात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिकाने त्या मठास जी वृत्ती लावून दिली, तिची ही सनद होय. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला, तरी प्रत्यक्ष हक्कांची कलमे मात्र जुन्या मराठीत आहेत, आणि गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला मिळावे, अशा बारकाव्यापर्यंत ती जातात. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणिला, तेव्हापासून त्याची चर्चा मुख्यतः मराठी भाषेच्या प्राचीनतेच्या संदर्भात होत आली आहे. त्यातील तिथीकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. ते दान श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दिलेले आहे. आणि ज्या मठाला ते दिले, त्या मठात शिकविले जाणार होते ते हे की, चंद्राला ग्रासणारी ती वर्तुळाकार काळिमा पृथ्वीच्याच छायेची आहे.

पृथ्वी गोल असल्याचे ज्ञान आपणांस पाश्चात्त्यांच्या शाळांतून मिळाले, असा समज आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांत आजही आढळतो. परंतु आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वीचा व्यास १०५० योजने सांगितला, तेव्हा ती गोल आहे हे त्याने गृहीतच धरिले होते, आणि भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणीचा गोलाध्याय रचिला, तेव्हा सपाट पृथ्वीच्या पौराणिक कल्पनेचे खंडन करणे हे त्यांच्या शास्त्रातील जवळजवळ रूढ प्रकरण होऊन बसले होते. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य माणसांना अहोरात्र का दिसू नये? मेरू पर्वताआड तो जातो म्हणून रात्र होते म्हणावे, तर तो मेरू आपल्या दृष्टीस का पडू नये? आणि मग पृथ्वी आपल्या डोळ्यांना सपाट का भासते, याचे त्यांनी दिलेले उत्तर इतके नेमके आहे की त्यात आज एक अक्षर बदलण्याचे कारण नाही: परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, पृथ्वी अति विशाल आहे आणि माणूस अति लहान, म्हणून त्याला जेवढे दिसते तेवढे त्याला सपाट वाटते.

या युक्तिवादांहून मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांनी सांगितलेले त्रैराशिक. एकाच याम्योत्तर रेषेवरील, एकमेकांच्या थेट उत्तर-दक्षिणेस असलेली दोन नगरे घ्यावीत. त्यांच्या अक्षांशांतील अंतर वेधाने काढावे, भूमीवरील अंतर योजनांनी मोजावे. इतक्या अंशांना इतकी योजने, तर चक्राच्या ३६० अंशांना किती? या अनुपाताने परिधी येतो, आणि भास्कराचार्यांनी तो ४९६७ योजने दिला आहे. ज्या रेषेवर हे गणित बसवावयाचे ती आपल्या ज्योतिषांची मध्यरेषाही ठरलेली होती: लंकेपासून निघून उज्जयिनीवरून, कुरुक्षेत्रावरून मेरूपर्यंत जाणारी. अवंतीनगरी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे, असे त्यांनी म्हटले आहे, म्हणजे साडेबावीस अंशांवर; प्रत्यक्षात उज्जैनचा अक्षांश सुमारे २३ अंश १० कला आहे. पद्धत निर्दोष होती. उणीव होती ती तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात. शंकूच्या सावलीवरून अक्षांश काढता येत होता. पण शेकडो कोसांचे अंतर डोंगर, नद्या, अरण्ये ओलांडून, वाकड्या वाटांचे सरळ करून, हातभराच्या आत बिनचूक मोजावयाचे कसे, याला उपाय नव्हता, आणि योजन म्हणजे नेमके किती, यावर ग्रंथकारांचे एकमतही नव्हते.

हा उपाय घेऊन जो मनुष्य कन्याकुमारीपासून उत्तरेकडे निघाला आणि आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या मुलखात येऊन मरण पावला, त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. परंतु त्याच्या कार्याचे मर्म समजण्यापूर्वी मधल्या काळात युरोपात काय घडले होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी विषुववृत्ताजवळील कायेन येथे गेला असता त्याचे लंबकाचे घड्याळ पॅरिसच्या मानाने दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा अर्थ असा लाविला की पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती मध्यभागी फुगलेली व ध्रुवांकडे चपटी असली पाहिजे. पॅरिसच्या वेधशाळेतील कासिनी घराण्याच्या मोजण्या मात्र याच्या नेमके उलट सांगत होत्या. तेव्हा फ्रेंच अकादमीने एक मंडळी पेरूला व दुसरी उत्तरेस लॅपलँडला धाडिली. जेथे पृथ्वीचा पृष्ठभाग कमी वक्र असेल, तेथे ध्रुवतारा एक अंश वर येण्यासाठी अधिक अंतर चालावे लागणार. लॅपलँडचा अंश पेरूच्या अंशाहून लांब भरला, आणि न्यूटनचा पक्ष खरा ठरला. पृथ्वी गोल आहे एवढ्याने आता भागणार नव्हते. ती किती चपटी आहे, हा प्रश्न होता, आणि त्यासाठी विषुववृत्ताच्या जवळपास एक पुष्कळ लांब, पुष्कळ काळजीपूर्वक मोजलेला चाप हवा होता. असा चाप मोजता येईल इतका सलग भूभाग ज्याच्या सत्तेखाली येत चालला होता, असे त्या काळी कंपनी सरकारच होते.

लॅम्बटन हा यॉर्कशायरमधील एका साध्या कुटुंबातला, बुजऱ्या स्वभावाचा, पलटणीत वर्षानुवर्षे रखडलेला अंमलदार. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात वाट चुकून टिपूच्या छावणीच्याच रोखाने चालली असता, याने आकाशातील ताऱ्यांवरून ती चूक ओळखिली आणि फौज वाचविली, अशी हकीकत त्याच्याविषयी सांगतात. म्हैसूर पडल्यावर त्याने मद्रास सरकारकडे अर्ज केला तो असा, की जिंकलेल्या मुलखाची पैमाष करावयाचीच आहे, तर ती त्रिकोणमितीच्या पद्धतीने, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत करावी आणि तिच्याच योगे पृथ्वीच्या आकृतीचाही निर्णय लावावा. सरकारला नकाशे हवे होते, जमाबंदी हवी होती, तोफा ओढून नेता येतील असे रस्ते हवे होते. पृथ्वीच्या आकृतीशी दिवाणी-फौजदारी कारभाराला कर्तव्य नव्हते. तरी आर्थर वेलस्लीच्या शिफारशीमुळे मंजुरी मिळाली. ज्या राज्यविस्ताराने हा मनुष्य उत्तरेकडे सरकू शकला, त्याच राज्यविस्ताराने पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, हे मराठी वाचकाने विसरू नये, आणि मीही विसरत नाही. परंतु त्याच्या मोजणीच्या साखळीने जे सत्य बाहेर आले ते कोणत्याही राज्याचे नव्हते, म्हणून त्याचा वृत्तांत आपण मोकळ्या मनाने ऐकावा असे मला वाटते.

१८०२ च्या एप्रिलात मद्रासजवळ सेंट थॉमसच्या टेकडीच्या पायथ्याशी त्याने पायारेषा आखण्यास प्रारंभ केला. साखळी पोलादाची, १०० फूट लांब, अडीच अडीच फुटांच्या ४० कड्यांची होती. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी इंग्रज वकिलातीने ती १७९३ मध्ये नेली होती आणि तेथे तिचा स्वीकार न झाल्यामुळे ती फिरत फिरत कलकत्त्यास आली होती. ही साखळी जमिनीवर टाकून ओढीत नेणे हा प्रकार नव्हे. तिवयांवर लाकडी पेट्या बसवावयाच्या, त्या मळसूत्रांनी एका पातळीत आणावयाच्या, त्यांत साखळी ठेवून ठराविक वजनाने ताणावयाची, वर तंबूची सावली धरावयाची आणि प्रत्येक वेळी पेट्यांतील उष्णतामापकांवरील अंक वहीत उतरून घ्यावयाचे. कारण १०० फूट पोलाद फॅरनहाइटच्या एका अंशाच्या उष्णतेने इंचाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वाढते खरे, पण साडेसात मैलांत साखळी ४०० वेळा मांडली असता तेवढ्यानेच तीन इंचांची तफावत पडते. उन्हाळ्यातील मद्रासच्या उन्हात हे काम चालले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मंडळींच्या धीराची कल्पना येते.

एकदा ही रेषा पक्की झाली की पुढे साखळीचे काम फारसे उरत नाही. रेषेच्या दोन टोकांवरून तिसऱ्या एका डोंगरमाथ्याचे कोन घ्यावेत, त्रिकोण सोडवावा, त्याची एक बाजू ही पुढल्या त्रिकोणाची पायारेषा करावी, आणि अशी त्रिकोणांची माळ शेकडो मैल नेऊन अखेरीस दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजून गणिताचा पडताळा पाहावा. ज्या वाकड्या वाटांपुढे योजनांची मोजणी हतबल झाली होती, त्या वाटा या रीतीने मुळातूनच वगळल्या गेल्या. माणूस दरीत उतरेना का, दृष्टी शिखरावरून शिखरावर सरळ जात होती. पहिले फळ अनपेक्षित मिळाले. मद्रासपासून मंगळूरपर्यंतची भूमी नकाशांत ४०० मैल दाखविलेली होती. ती ३६० मैलांच्या आसपासच भरली.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र विल्यम केरी याने लंडनमध्ये घडविलेले, अर्ध्या टनाच्या वजनाचे, तीन फूट व्यासाच्या चक्राचे होते. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. परंतु यंत्र कशासाठी आहे हे कळताच तेथील गव्हर्नराने, दोन राष्ट्रांत युद्ध चालू असता, ते सन्मानपूर्वक मद्रासला पोचते केले. पुढे १८०८ मध्ये तंजावरच्या सपाट प्रदेशात उंच जागा मिळेना, तेव्हा बृहदीश्वराच्या गोपुरावर ते चढविण्याचा घाट घातला गेला, दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे चक्र वाकले. तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसले कुळातील सरफोजीराजे होते, ज्यांना स्वतःला शास्त्रीय उपकरणांचा मोठा षोक होता. लॅम्बटनने दुसऱ्या यंत्रासाठी विलायतेस लिहून वर्षे दवडण्याऐवजी तंबूत स्वतःस कोंडून घेतले आणि कित्येक आठवडे खपून, चक्र पेचांनी व हातोडीने तिळातिळाने ओढून पूर्ववत् केले. लॅम्बटनचा पुढील सारा चाप याच दुरुस्त केलेल्या यंत्राने मोजला जात राहिला.

कन्याकुमारीजवळच्या ८ अंश ९ कलांपासून बीदरनजीक दामरगिद्दा येथील १८ अंश ३ कलांपर्यंत, म्हणजे सुमारे दहा अंशांचा चाप त्याने पुरा केला. तेवढे करून तो थांबला नाही. निजामाच्या मुलखातून वऱ्हाडात शिरून, एलिचपूरच्या बाजूस टाकळखेडा या नावाने नोंदलेल्या ठाण्यापर्यंत, २१ अंशांच्या पलीकडे, त्याने ही रेषा नेली. आता त्याचे वय सत्तरीच्या घरात होते, छातीच्या क्षयाने शरीर पोखरले होते, तरी हैदराबादेतील आपली कचेरी नागपुरास हलवावी आणि तेथून चाप आग्र्याच्या दिशेने न्यावा, या हेतूने तो निघाला. नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातील वणा नदीकाठच्या हिंगणघाट येथे जानेवारी १८२३ मध्ये मुक्कामातच त्याचे देहावसान झाले, आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. कापसाच्या पेठेसाठी हिंगणघाटचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पृथ्वीचा आकार ठरविण्यात ज्याने हयातीची वीस वर्षे वेचली, त्याची समाधी त्या गावात आहे, हे आपल्या विदर्भातील शाळांच्या भूगोलातही असावयास हवे होते.

त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट हा स्वभावाने अगदी निराळा, करडा व तापट होता. मोजणीच्या अचूकपणाविषयी मात्र तो लॅम्बटनहूनही कठोर होता. विलायतेहून नवी उपकरणे आणून त्याने दिवसाचे निशाण सोडून रात्रीच्या दिव्यांवर वेध घेण्याची पद्धत पाडली, मैदानात डोंगर नव्हते तेथे मनोरे उभारले, आणि सिरोंजजवळच्या कल्याणपूरवरून मुजफ्फरनगरनजीकच्या कल्याणा या ठाण्यापर्यंत, २९ अंश ३० कलांवर, १८४१ च्या सुमारास चाप पुरा केला. कन्याकुमारीपासून ही रेषा सुमारे पंधराशे मैलांची झाली. भास्कराचार्यांच्या मध्यरेषेच्या ती पूर्वेस अवघी दोन अंश आहे. या कामी जे खपले त्यांत दुर्बिणीशी बसणारे गोरे अंमलदार थोडे. यंत्र खांद्यावर वाहून डोंगर चढणारे खलाशी, रात्रभर एकाकी शिखरावर दिवा जागता ठेवणारे मशालजी, दृष्टीच्या आड येणारी झाडे तोडणारे बिगारी, हे हजारोंनी. पावसाने धुतलेल्या हवेत दूरची शिखरे स्वच्छ दिसतात म्हणून पावसाळ्यातच वेध घेण्याचा प्रघात होता, आणि कृष्णा-गोदावरीमधील अरण्यांत पावसाळा म्हणजे हिवताप. त्या तापाने गेलेल्यांची नावे दप्तरात क्वचितच उतरली. यंत्रांची निगा राखणारा अर्काटकडचा कारागीर सय्यद मीर मोहसीन हुसेन आणि गणिताचा अधिकारी राधानाथ सिकदर, अशी थोडी नावे तेवढी टिकली.

याच सुमारास सिरोंजपासून फार दूर नसलेल्या सिहोर येथे जे चालले होते, त्याकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधल्यावाचून मला पुढे जाववत नाही. तेथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन याचे मत असे होते की येथील लोकांस पृथ्वीचे गोलत्व व भ्रमण पटवावयाचे, तर पाश्चात्त्य ग्रंथ त्यांच्या माथी मारण्यापेक्षा त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांपासून आरंभ करावा. त्याच्या प्रेरणेने सुबाजी बापू या महाराष्ट्रीय शास्त्र्यांनी पुराणांतील भूगोल, सिद्धान्तांतील भूगोल आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना करणारा ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि तो १८३६ मध्ये मुंबईस छापला गेला. मूळचे पुण्याचे, नागपुरास शिकलेले बापूदेव शास्त्री यांनाही विल्किन्सननेच सिहोरास नेले; पुढे काशीच्या पाठशाळेत अध्यापक झाल्यावर त्यांनी विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर शोधून १८६१ मध्ये प्रकाशित केले. ज्या वर्षांत साखळीने व दुर्बिणीने अंश मोजले जात होते, त्याच वर्षांत, त्याच प्रदेशात, पाटण्याच्या मठात एकेकाळी शिकविले जाणारे प्रमेय मराठी गद्यात उतरत होते.

आता मोजणीच्या फळाकडे वळू. एव्हरेस्टने १८३० मध्ये, या चापाच्या तोवर मोजून झालेल्या भागाच्या आधारे व इतर देशांतील मोजण्या जमेस धरून, पृथ्वीच्या आकृतीची जी माने ठरविली, त्यांत विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर आणि चपटेपणा सुमारे ३०१ भागांत एक असा येतो. दक्षिणेकडील टोकापासून उत्तरेकडील टोकापर्यंत जाताना एका अंशाची लांबी सुमारे अडीचशे मीटरांनी वाढते. एवढ्या बारीक फरकावर सारा निर्णय अवलंबून होता. आज कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने ठरलेली त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे आणि चपटेपणा २९८ भागांत एक याच्या जवळ आहे. म्हणजे बैलगाड्यांवरून फिरणाऱ्या त्या छावण्यांनी पृथ्वीच्या त्रिज्येत केलेली चूक एक किलोमीटरही नव्हती, आणि हिंदुस्थानचे सरकारी नकाशे त्यानंतर पावणेदोनशे वर्षे याच आकृतीवर रचिले गेले.

तरीही एक बाकी उरली. कल्याणपूर व कल्याणा या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर ताऱ्यांच्या वेधांनी एक येई आणि त्रिकोणांच्या गणिताने दुसरे, दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक होता. भूमीवर तो १६० मीटरांच्या आसपास भरतो. शेकडो मैलांच्या मोजणीत एवढी तफावत राहिली तर कोणी बोल लाविला नसता, आणि एव्हरेस्टने ती मोजणीतील चूक मानून वाटून टाकिली. कलकत्त्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट हे उत्तम गणिती होते. त्यांना ते मान्य झाले नाही. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असले पाहिजे, ओळंबा कलला की खस्वस्तिक कलते आणि अक्षांश चुकतो, असा तर्क करून त्यांनी हिमालयाचे आकर्षण परिश्रमपूर्वक हिशेबात घेतले. तेव्हा आलेले उत्तर त्यांना स्वतःलाच चक्रावून टाकणारे होते. फरक १५.८८५ विकलांचा, म्हणजे तिपटीने मोठा, यावयास पाहिजे होता. हिमालय ओढीत होता, पण आपल्या आकारमानाच्या मानाने फारच थोडे ओढीत होता.

या कोड्याचे उत्तर इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनी १८५५ मध्ये दिले: पर्वत हे भूपृष्ठावर नुसते ठेवलेले ओझे नाही, त्यांच्या हलक्या खडकांची मुळे खालच्या जड द्रव्यात खोलवर बुडालेली असतात, आणि त्या मुळांच्या ठिकाणी जड द्रव्य नसल्यामुळे आकर्षणात जी तूट येते तीच वरच्या पर्वताचे आकर्षण बव्हंशी फेडून टाकते. प्रॅट यांनी पुढे स्वतःची निराळी उपपत्ती मांडली, परंतु पर्वतांखाली द्रव्याची भरपाई आहे यावर दोघांचे एकमत होते, आणि भूशास्त्रातील समस्थितीचा सिद्धान्त म्हणून आज जो शिकविला जातो त्याचा उगम या पाच विकलांत आहे. पृथ्वीची बाहेरची आकृती मोजावयास निघालेल्यांना तिच्या अंतरंगाची बातमी अशी अवचित हाती लागली.

चपटा गोल हीदेखील शेवटची आकृती ठरली नाही. समुद्राचे पाणी जेथे स्थिर होऊन राहील ती पातळी खंडांखालूनही नेली असे कल्पिले, तर तिला गणितातील गुळगुळीत आकृतीच्या मानाने उंचवटे आणि खळगे आढळतात, कारण पृथ्वीच्या पोटातील द्रव्य सर्वत्र सारख्या घनतेचे नाही. या खळग्यांतला साऱ्या पृथ्वीवरील सर्वांत खोल खळगा हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेस आहे; तेथे समुद्राची पातळी त्या आकृतीहून शंभर मीटरांपेक्षाही खाली आहे, आणि त्याचा उतार कन्याकुमारीपर्यंत पोहोचतो. भास्कराचार्यांची मध्यरेषा ज्या लंकेपासून निघते ती विषुववृत्तावर कल्पिलेली लंका, आणि लॅम्बटनने आपल्या चापाचे जे पहिले दक्षिण टोक निवडले ते, ही दोन्ही या खळग्याच्या परिसरातच पडतात. तेथे एवढे वस्तुमान कमी का, याविषयी भूभौतिकशास्त्रज्ञांचे संशोधन अद्याप चालू आहे.